आधी तक्रार, मग स्क्रूड्रायव्हर

"स्टिकर फाटलं म्हणून वॉरंटी नाकारता येते का?" या प्रश्नाची पत्रं नेमानं येतात. कधी विषय मोबाइलचा असतो, कधी लॅपटॉपचा. या वेळी गेम कन्सोलचा आहे. वाचकाची हकिगत थोडक्यात अशी: वर्षाची वॉरंटी असलेला कन्सोल दहाव्या महिन्यात तापून बंद पडू लागला. ग्राहक सेवेला ईमेल केला, तिकीट नंबर मिळाला, "जाळी साफ करा, मोकळ्या जागी ठेवा, तरीही त्रास राहिला तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवा" असं उत्तर आलं. यांनी जाळी साफ केली, समोर टेबल फॅन लावला, मग व्हिडिओ पाहून कन्सोल टॉवेलात गुंडाळून चालवला. शेवटी "फाटल्यास वॉरंटी रद्द" असं सीलचं स्टिकर तोडून तो उघडला, चिपवर हेअर ड्रायर मारला आणि नवी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) लावली. थोडे दिवस चालला, मग कायमचा बंद. सर्व्हिस सेंटरनं "ग्राहकाकडून छेडछाड" असा शेरा मारून परत पाठवला. त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ मेलामेली चालू आहे. आता विचारतात, स्टिकरची अट बेकायदा ठरवून पैसे परत मिळतील का?

स्टिकरचं बाजूला ठेवा. तुमचं प्रकरण दोन तारखांवर उभं आहे. त्यातली एक तुम्ही सोबतच्या कागदांत कुठेतरी तळाशी जोडली आहे आणि दुसरीचा तर विचारच केलेला नाही.

पहिली तारीख कन्सोल उघडण्याची. पत्रात तुम्ही लिहिता, "साधारण त्याच सुमारास उघडला." कसला सुमार? सामनेवाल्यांचा, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचा, वकील याच एका शब्दावर तुमची अर्धी उलटतपासणी उरकेल. सुदैवानं आपण किती मेहनत घेतली हे दाखवायला तुम्ही पेस्टच्या ट्यूबचं ऑनलाइन बिल जोडलं आहे, आणि ते खरेदीनंतर तेराव्या महिन्यातलं आहे. तक्रारीचा ईमेल दहाव्या महिन्यातला. म्हणजे दोष दिसला, लेखी कळवला, तेव्हा वॉरंटी चालू होती आणि सील शाबूत होतं. पुढचे तीन महिने कंपनीला दोषाची माहिती होती आणि यंत्र कोणी उघडलेलं नव्हतं. हा क्रम सिद्ध झाला तर "उघडल्यामुळे बिघडलं" या बचावाची बरीच हवा जाते, कारण बिघाड उघडण्याच्या आधीचा आहे. हा क्रम उलटा असता तर मी तुम्हाला नवीन कन्सोलसाठी पैसे साठवा एवढंच लिहिलं असतं. तेव्हा तो ईमेल, त्यावरचं उत्तर आणि हे बिल नुसत्या स्क्रीनशॉटवर सोडू नका. मूळ मेल जपून ठेवा, प्रेषक, तारीख, वेळ दिसेल अशी छापील प्रत काढा.

दुसरी तारीख मुदतीची. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे यावं लागतं. तुमच्या बाबतीत कारण कधी घडलं? सर्व्हिस सेंटरनं नकार दिला तेव्हा, असं तुम्ही म्हणू शकता आणि मीही तसा युक्तिवाद करून पाहीन. पण सामनेवाले म्हणतील, दोष पहिल्यांदा दिसला तेव्हाच. त्यांचं म्हणणं मान्य झालं तर दोन वर्षांतले बावीस महिने संपलेले आहेत. तुम्ही या काळात सोळा स्मरणपत्रं धाडलीत. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही, कंपनीनं "आम्ही पाहतो आहोत" असं गोड उत्तर दिलं तरी सहसा वाढत नाही. स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चर इंडस्ट्रीज या 2009 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की तक्रार मुदतीत आहे का हे आयोगानं आधी तपासायचं, गुणदोष त्यानंतर. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्याला पुरेसं कारण लागतं. "मी टॉवेल गुंडाळून पाहत होतो" हे पुरेसं कारण आहे असं मानणारा आयोग अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. म्हणून वाद घालत बसू नका, कडक हिशेब धरा आणि उरलेल्या दोन महिन्यांच्या आत तक्रार दाखल करा.

आता घरगुती उपायांकडे वळतो, कारण कायद्याच्या नजरेत ते सगळे एका मापाचे नाहीत. बाहेरून जाळीतली धूळ काढणं, यंत्र बंद कपाटातून बाहेर घेणं हे तर कंपनीनंच तुम्हाला लिहून सांगितलं होतं. त्याचा दोष तुमच्यावर येत नाही. टेबल फॅनचं तसंच. टॉवेल मात्र निराळा. तापणाऱ्या यंत्राची हवा बंद करणं हा वापर कुठल्याही वॉरंटीत बसत नाही, आणि आग लागण्याचा धोका आहे तो वेगळाच.

ही टॉवेलची युक्ती मुळात मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 च्या काळातली. 2005 साली आलेल्या त्या कन्सोलवर बिघाडाचे तीन लाल दिवे लागले की लोक तो गुंडाळून तापवायचे. कल्पना अशी की उष्णतेनं चिपखालचं डाख (सोल्डर) पुन्हा वितळेल आणि तुटलेला जोड बसेल. प्रत्यक्षात शिसं नसलेलं डाख वितळायला सुमारे 217 अंश सेल्सियस लागतात. टॉवेलात कोंडलेला कन्सोल त्याच्या जवळपासही जात नाही, त्याआधीच बंद पडतो. मग काही जणांचा चालू कसा व्हायचा? तापल्यानं भाग प्रसरण पावतात, तडा गेलेला जोड काही काळ टेकतो, आणि थंड-गरम होण्याच्या पुढच्या काही फेऱ्यांत पुन्हा सुटतो. हेअर ड्रायरचीही गोष्ट हीच. तुमचं यंत्र थोडे दिवस चालून मेलं, त्याचं कारण बहुधा असंच काहीतरी असेल. पण "बहुधा"वर निकाल लागत नाही.

त्या जुन्या प्रकरणातलं एक मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. जुलै 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्या विशिष्ट बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. त्याआधी प्रत्येक ग्राहकाला वाटत होतं की आपलंच नशीब फुटकं. तुमच्या मॉडेलसाठी अशी एखादी घोषणा झाली आहे का, ती भारतात विकलेल्या यंत्रांना लागू आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर आजच पाहा. असेल तर बाकीचं बरंच सोपं होईल. नसेल तर तुमच्या यंत्रात उत्पादनदोष होता हे दाखवण्याचा भार तुमच्यावर आहे, आणि इथेच तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आहे.

ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम 38 नुसार तपासणीशिवाय दोष कळणार नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. तिचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो आणि अहवाल साधारण 45 दिवसांत यावा अशी अपेक्षा असते. पण ज्या चिपवर तुम्ही ड्रायर धरला, जिच्यावर स्वतःच्या हातानं पेस्ट लावली, तिच्याबद्दल प्रयोगशाळा काय ठाम सांगणार? दोष पंख्यात किंवा पॉवर सप्लायमध्ये निघाला आणि त्यांना तुमचा हात लागलेला नसेल, तर तुमची बाजू बरी राहील. चिपच्या जोडात निघाला तर अहवाल गुळमुळीत येईल, आणि गुळमुळीत अहवालाचा फायदा सामनेवाल्यांना मिळतो. यापुढे मी भाकीत करणार नाही.

अमेरिकेत अशी स्टिकरं बेकायदा आहेत, असं तुम्ही लिहिलंय. 2018 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं सहा कंपन्यांना इशारा दिला होता आणि त्यात कन्सोल बनवणाऱ्या कंपन्याही होत्या, हे खरं. पण त्यामागचा वॉरंटीविषयीचा 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा तिथला आहे. शिवाय त्याखालीही ग्राहकाच्या दुरुस्तीमुळेच बिघाड झाला हे कंपनीनं दाखवलं तर ती नकार देऊ शकते. आपल्याकडे अन्याय्य कराराची तरतूद कायद्यात आहे, पण अट रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे. तुमची तक्रार जिल्हा आयोगाची. तिथे अटीचा उल्लेख अनुचित व्यापारी प्रथा म्हणून जरूर करा, एका परिच्छेदात. दहा पानं त्यावर खर्च करू नका.

टॉवेलाच्या प्रयोगात टेबलाचा पृष्ठभाग करपला, त्याचीही भरपाई तुम्हाला हवी आहे. हा विषय काढूच नका. उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीच्या, प्रकरणात कलम 87 आहे: वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झाला असेल तर विक्रेत्याविरुद्ध दावा चालत नाही. उत्पादकाविरुद्धचा दावा कागदावर उरतो, पण टेबलासाठी टॉवेलाची गोष्ट आयोगाला स्वतः होऊन रंगवून सांगणं म्हणजे शहाणपण नव्हे. आपला खेळ इतरांना दाखवून मिळणारं उत्पन्न बुडालं हेही मागू नका. त्यातून कन्सोल व्यावसायिक कारणासाठी घेतला असा बचाव त्यांना आयता मिळेल, आणि तुम्ही ग्राहकच नाही इथून सुरुवात होईल.

मात्र न मागणं वेगळं आणि लपवणं वेगळं. कंपनीला पाठवलेल्या एका मेलमध्ये तुम्ही टॉवेल, ड्रायर, पेस्ट, सगळं क्रमानं आणि काहीशा अभिमानानं लिहून ठेवलंय. ते पत्र त्यांच्या हातात आहे. तक्रार प्रतिज्ञापत्रावर चालते, त्यात यातलं काही नाकारलंत तर उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. चार ओळींत, तारखांसह, सरळ सांगा.

दाखल करण्याचं काम अवघड नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या होतं, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येतं, वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील असलाच पाहिजे असंही नाही. विक्रेता आणि उत्पादक किंवा आयातदार कंपनी अशा दोघांनाही सामनेवाले करा. सर्व्हिस सेंटरची जॉबशीट (यंत्र घेतल्याची आणि तपासल्याची नोंद) तुमच्याकडे नाही, ती आजच लेखी मागा. दिली नाही तर मागितल्याचा पुरावा लावा, पण तिच्यासाठी तक्रार अडवून ठेवू नका. मागणी चढत्या क्रमानं ठेवा: आधी विनामूल्य दुरुस्ती, ते शक्य नसेल तर बदली, तेही नसेल तर परतावा. मानसिक त्रासापोटी लाखाचा आकडा टाकण्याची फॅशन आहे, तो मोह टाळा.

कायदा म्हणतो, तपासणी नसेल तर सामनेवाल्यांना नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, असेल तर पाच महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा. आयोगांची रिकामी पदं आणि साचलेली प्रकरणं पाहता हे वाचून हसू येतं. एक गोष्ट तेवढी कडक आहे. सामनेवाल्यांना लेखी म्हणणं द्यायला 30 दिवस आणि वर फार तर 15, त्यापुढे नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च 2020 मध्ये ठरवून टाकलं. नोटीस पोहोचल्याची तारीख टिपून ठेवा आणि 46 व्या दिवशी म्हणणं आलेलं नसेल तर अर्ज द्या. तक्रार दाखल करून घेतल्यावर आयोग मध्यस्थी सुचवू शकतो. सुचवली तर नाही म्हणू नका. तुमच्यासारख्या प्रकरणात कंपनीनं सवलतीत दुरुस्त केलेलं यंत्र देऊ केलं, तर तुमच्या जागी मी ते घेईन, कारण निकाल लागेपर्यंत पुढच्या पिढीचा कन्सोल आलेला असेल.

शेवटी तुम्ही विचारता की ओळखीतला एक कारागीर चिप काढून पुन्हा डाख लावून देतो म्हणतोय, तोवर देऊ का? अजिबात नको. कन्सोल आहे त्या अवस्थेत खोक्यात ठेवा, सीरियल नंबरसह सर्व बाजूंनी फोटो काढा, काढलेले स्क्रू आणि उरलेली ट्यूब त्याच खोक्यात ठेवा. तक्रारीसोबतच तपासणीचा अर्ज द्या. प्रयोगशाळेतून यंत्र परत आलं किंवा आयोगानं तपासणी नाकारली, की आयोगाची परवानगी घेऊन मग कारागिराकडे न्या.