मुलाने जादा तास नाकारले, ते योग्यच केलं

पत्र : "मी तासगावला एका पतसंस्थेत वसुली विभागात आहे. मुलगा 24 वर्षांचा, सप्टेंबर 2025 मध्ये इंग्लंडमध्ये लेस्टरला सप्लाय चेन मॅनेजमेंटच्या एक वर्षाच्या एमएस्सीला गेला. बँकेचं कर्ज 22 लाख आणि मेव्हण्याकडून हातउसने 6 लाख. मुलगा एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये आठवड्याला 16 तास काम करतो. त्याचा सुपरवायझर आणखी तास द्यायला तयार आहे, पण हा नको म्हणतो. तासाला 13 पौंड धरले, 40 तास धरले, तर महिन्याला अडीच लाख होतात. कर्जाचा हप्ता सुरू व्हायला वेळ आहे, पण आतापासून भरला तर ओझं कमी होईल. आता जून ते सप्टेंबर कॉलेजला सुट्टीच आहे. एका ओळखीच्या दुकानात रोखीने दुसरं कामही मिळतंय. कोणत्या सुपरमार्केटमध्ये दर जास्त, स्टाफला सवलती काय, आणि पगारातून पेन्शन कापतात ती थांबवता येईल का, हे सांगा. मी रोज रात्री फोन करून त्याला समजावतो. हल्ली तो फारसा बोलत नाही."

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पत्रभर दर, तास, हप्ता, पौंडाचा भाव आहे, आणि शेवटी जाता जाता एक वाक्य आहे : हल्ली तो फारसा बोलत नाही. मला सगळ्यात काळजी त्या वाक्याची वाटली, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तुम्ही रात्री दहाला फोन करत असाल, तर उन्हाळ्यात लेस्टरला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. दिवसभर ग्रंथालयात बसलेला किंवा संध्याकाळच्या शिफ्टला निघालेला मुलगा फोन उचलतो आणि वडील विचारतात, "या आठवड्यात किती तास झाले?" दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तुम्ही पतसंस्थेत वसुली बघता. थकलेल्या खातेदाराला रोज फोन गेला की तो काय करतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. आधी तो कारणं सांगतो, मग हो-ला-हो म्हणतो, मग फोन उचलत नाही. तुमचा मुलगा यातल्या दुसऱ्या पायरीवर आहे असं मला दिसतं. त्याने तुमचं काहीही थकवलेलं नाही, आणि तरी त्याला थकबाकीदारासारखं वाटू लागलं आहे.

सुपरवायझर तास देत असताना तो नको म्हणाला, यात तुम्हाला आळस दिसला. मला तुमच्या संपूर्ण पत्रातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच वाटतो. त्याच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. सगळ्या नोकऱ्यांचे तास मिळून 20. या आठवड्यात 12 केले म्हणून पुढच्या आठवड्यात 28, असं चालत नाही, सरासरी काढत नाहीत. 16 तासांचा करार असलेल्या मुलाकडे फार तर 4 तास उरतात, आणि ते त्याने अभ्यासासाठी ठेवले.

आता तुमचा तो मोठा गैरसमज. जून ते सप्टेंबर सुट्टी आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आपल्याकडे परीक्षा संपली की सुट्टी लागते, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. बीए, बीएस्सीच्या मुलांना तिकडेही उन्हाळ्याची सुट्टी असते आणि तेव्हा ती पूर्णवेळ काम करू शकतात. कदाचित तुम्ही अशाच कुणाच्या मुलाचं उदाहरण ऐकलं असेल. पण एक वर्षाच्या एमएस्सीत हेच महिने प्रबंधाचे असतात. वर्ग भरत नाहीत, तरी व्हिसाच्या हिशेबात सत्र चालूच असतं आणि 20 तासांची मर्यादा तशीच राहते. ख्रिसमस आणि ईस्टरच्या जाहीर सुट्ट्यांत त्याला पूर्णवेळ काम करता आलं असतं, तशी मुभा आता अभ्यासक्रम अधिकृतपणे संपल्यावरच मिळेल. ती तारीख विद्यापीठाच्या पत्रात असते. या चार महिन्यांत 40 तास कर म्हणणं म्हणजे त्याला व्हिसा मोडायला सांगणं आहे. हे तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून दोष देत नाही. आता माहीत झालं.

रोखीच्या कामाबद्दल मला सौम्य बोलता येणार नाही. ते काम त्याला घेऊ देऊ नका. दुकान ओळखीचं आहे, हीच मला जास्त भीती. ओळखीच्या माणसाकडे पगारपत्रक मागता येत नाही, रजा मागता येत नाही, आणि किमान दरापेक्षा कमी दिले तर तक्रारही करता येत नाही. व्हिसाची अट मोडून कुणाला कामावर ठेवलेलं सापडलं, तर मालकाला पहिल्या वेळी एका कामगारामागे 45,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मालक दंड भरून दुकान चालवत राहील. मुलाचा व्हिसा रद्द होऊ शकतो, पदवी अर्धवट राहू शकते, आणि पुढे कुठल्याही देशाच्या अर्जावर त्याला ते लिहावं लागेल. कर्जाचे 22 लाख मात्र तसेच उभे असतील.

दराचं उत्तर थोडक्यात. ब्रिटनमध्ये 21 वर्षांवरच्या कामगाराचा कायद्याने ठरलेला किमान दर 1 एप्रिल 2026 पासून तासाला 12.71 पौंड आहे, त्याआधी 12.21 होता. मोठ्या सुपरमार्केटांच्या दरात फरक असतो तो थोडक्या पेन्सचा. तेवढ्यासाठी सवयीचं दुकान सोडून गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचं, तर बसभाड्यातच ते पैसे जातील.

अडीच लाखांचा हिशेब तुम्ही 40 तासांवर मांडलात. मी 20 तासांवर मांडते. 12.71 गुणिले 20 म्हणजे आठवड्याला 254 पौंड, महिन्याला सरासरी 1,100. यातून कर आणि राष्ट्रीय विमा फारसा जात नाही. पण तुम्हाला आठवत असेल, व्हिसासाठी तुम्ही बँकेत पैसे 28 दिवस राखून दाखवले होते. लंडनबाहेर शिकणाऱ्याला राहण्याखाण्याला महिन्याला 1,136 पौंड लागतात, असं धरून 9 महिन्यांचे 10,224 पौंड तेव्हा दाखवावे लागत. म्हणजे तिथल्या सरकारच्याच मोजणीत महिन्याचा जो खर्च, तेवढा पगार पूर्ण 20 तास करूनही होत नाही. तुमचा मुलगा 16 तासांत सुमारे 880 पौंड मिळवतो. त्यातून घरभाडं आणि किराणा निघत असेल, तर त्याने तुमच्यावरचा मोठा भार आधीच उचलला आहे. त्यातून तासगावला पाठवायला काय उरणार?

सवलतींचं तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण आपली मुलं दराकडे बघतात आणि हक्काचं सोडून देतात. सगळ्यात मोलाची आहे भरपगारी रजा. कायद्याने वर्षाला 5.6 आठवडे, आठवड्याला 16 तास काम करणाऱ्याला जवळपास 90 तास. ती त्याने प्रबंध सादर करण्याच्या आधीच्या आठवड्यांत घ्यावी, घरी बसून लिहावं आणि पगारही घ्यावा. नोकरी सोडताना शिल्लक रजेचे पैसे मिळतात, ते शेवटच्या पगारपत्रकात आलेत का हे त्याने बघावं. आजारपणाचा वैधानिक भत्ता एप्रिल 2026 पासून पहिल्या दिवसापासून लागू झाला आहे, तेव्हा ताप अंगावर काढून शिफ्टला जायची गरज नाही. खरेदीवरची सूट दुकानागणिक वेगळी. टेस्कोत कर्मचाऱ्याला 10 टक्के मिळते, आल्डी ब्रेकच्या वेळेचेही पैसे देते. जेवणखाण स्वतः करणाऱ्या मुलाला किराण्यावरचे 10 टक्के कमी नाहीत.

पेन्शनची कपात थांबवता येते. 22 वर्षांवरच्या आणि वर्षाला 10,000 पौंडांच्या वर पगार पडणाऱ्या कामगाराला मालकाने पेन्शन योजनेत घालायचंच असतं. एका महिन्याच्या आत नको म्हटलं तर कापलेले पैसे परत मिळतात. नंतर थांबवलं तर पुढची कपात थांबते, आधीची रक्कम उतारवयापर्यंत तिथेच राहते. मालकाचा किमान 3 टक्के वाटाही त्यात असतो. ठेवायचं की थांबवायचं, हे 24 वर्षांच्या माणसाला ठरवता येतं. त्यालाच ठरवू द्या.

आता कर्ज. तुम्हीच लिहिलंय, हप्ता अजून सुरू झालेला नाही. राष्ट्रीयीकृत बँकांच्या शैक्षणिक कर्जात साधारणपणे अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष एवढी सवलत असते आणि त्या काळात व्याज सरळव्याजाने लागतं. 10 टक्के धरलं तर 22 लाखांवर महिन्याला साधारण 18 हजार. जमत असेल तर ते तुम्ही भरा, काही बँका त्यापायी दरात 1 टक्का सूट देतात. तुमच्या शाखेत विचारा. पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या माणसाला हे कळत नसेल, असं मला वाटत नाही. म्हणून मला वाटतं, तुमची झोप बँकेने उडवलेली नाही. ती मेव्हण्याच्या 6 लाखांनी उडवली आहे.

हातउसन्या पैशाला कागद नसतो, मुदत नसते, आणि प्रत्येक लग्नात, बारशात तो माणूस समोर येतो. त्याने एक शब्द काढला नाही तरी आपल्याला ऐकू येतं. हे मी समजू शकते. पण ते पैसे तुम्ही घेतलेत, तुमच्या शब्दावर. मेव्हण्याकडे तुम्ही स्वतः जा आणि सांगा की पोराला नोकरी लागेपर्यंत मुद्दल जमणार नाही, महिन्याला अमुक एवढे मी देतो. रक्कम लहान असू द्या, पण तारीख ठरलेली असू द्या. हे बोलणं अवघड आहे. म्हणूनच ते रात्री दहाच्या फोनवरून लेस्टरला ढकललं जात आहे.

या चार महिन्यांत त्याने काय करावं, ते आता सांगते. प्रबंध वेळेत देणं हे पहिलं. पदवी मिळाल्याचं विद्यापीठाने कळवलं की तो ग्रॅज्युएट व्हिसासाठी, म्हणजे शिक्षणानंतर तिथेच राहून नोकरी करू देणाऱ्या व्हिसासाठी, अर्ज करू शकतो. 31 डिसेंबर 2026 पर्यंत अर्ज केला तर 2 वर्षं मिळतात, 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जाला 18 महिनेच. एखादा विषय राहिला, प्रबंध पुन्हा द्यावा लागला, तर हे सहा महिने हातचे जातील. 20 तासांच्या वरची कुठलीही कमाई या सहा महिन्यांपुढे किरकोळ आहे. त्या अर्जाबरोबर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा दोन वर्षांचा अधिभार 2,070 पौंड आगाऊ भरावा लागतो, शिवाय अर्जाची फी वेगळी. त्याच्याकडे चार पैसे शिल्लक राहत असतील तर ते त्यासाठी तिथेच राहू द्या. इकडे मागवू नका.

काउंटरच्या किंवा शेल्फ भरण्याच्या कामावर पुढे कुशल कामगाराचा व्हिसा मिळत नाही. जुलै 2025 पासून त्या व्हिसाला पदवीच्या पातळीचं काम लागतं आणि वर्षाला साधारण 41,700 पौंड पगार लागतो, नव्याने सुरुवात करणाऱ्यांना 33,400. पण तो शिकतोय पुरवठा साखळी, आणि काम करतोय तिच्या शेवटच्या टोकाला. कुठला माल किती वाजता येतो, काय उरतं, संध्याकाळी पिवळं लेबल लावून काय स्वस्तात काढतात, कुठलं शेल्फ कायम रिकामं राहतं, हे तो रोज बघतो. हे त्याने वहीत लिहून ठेवावं. मालाच्या नियोजनाच्या नोकरीसाठी मुलाखत देताना, दुकानात उभं राहून मिळालेलं हे ज्ञान इतरांकडे नसेल. विषयाला चालत असेल तर प्रबंधातही वापरावं, मार्गदर्शकांना विचारून. आणि मुलाखतीत सुपरमार्केटचं काम लपवू नये.

रोजचा फोन बंद करा. रविवारी आपल्या दुपारी चारला करा, तिथे तेव्हा सकाळचे साडेअकरा असतात आणि तो उठून चहा पीत असेल. पहिला आठवडा तो तासांचा आकडा सांगायला जाईल, सवय लागली आहे त्याला. तेव्हा त्याला सांगा, "जादा तास नको म्हणालास ते बरोबर केलंस, मला नियम माहीत नव्हता." एवढं वाक्य तुम्हाला जमलं तर माझं हे पत्र त्याला पाठवा. त्यानंतर त्याला काही विचारायचं असेल, तर मला लिहायला सांगा. पुढचं पत्र त्याचं असू द्या.