मेपल लाल का होत नाही?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. तीन वर्षांपूर्वी पश्चिमेच्या भिंतीलगत जपानी मेपल लावला. ऑगस्टमध्ये पानांच्या कडा करपतात आणि ऑक्टोबरमध्ये ती लाल न होताच गळतात. सप्टेंबरमध्ये हिरवळीला खत घालतो, ते झाडालाही मिळतं. आणखी काय द्यावं?

उत्तर : काहीच नको. आधी ते खत झाडाखाली पडू देऊ नका. थंडीची चाहूल लागली की पानातलं हरितद्रव्य विरतं, देठाशी बुचासारखा थर धरतो आणि पानात अडकलेल्या साखरेपासून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य बनतं. त्यासाठी दिवसा लख्ख ऊन आणि गारठ्याच्या, पण न गोठणाऱ्या रात्री हव्यात. उशिरा मिळालेल्या नत्रामुळे झाड कोवळी पालवीच काढत बसतं.

खरं दुखणं मात्र भिंतीचं आहे. दुपारचं ऊन आणि तापलेल्या भिंतीची धग यांत पानं जेवढं पाणी उडवतात, तेवढं उथळ मुळांना पुरवता येत नाही. करपलेली कड मग रंगतच नाही. पानगळीनंतर किंवा मार्चमध्ये कळ्या फुगण्याआधी झाड हलवा. सकाळी चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी जागा निवडा. बुंध्याच्या दर इंच जाडीमागे 10 ते 12 इंच व्यासाची हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, काढा. खड्डा हुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोल तिच्याएवढाच. बुंधा मुळांकडे जिथे पसरतो तो भाग मातीवर दिसलाच पाहिजे; पुरला तर साल कुजते. वर 2-3 इंच लाकडाच्या चिपा पसरा, बुंध्यापासून चार बोटं दूर. बुंध्याला टेकवून चिपांचा ढीग रचायची तिकडची पद्धत झाडाला घातक आहे. आठवडाभर पाऊस नसेल तर 20 लिटर पाणी सावकाश मुरू द्या.

एखादी फांदी अचानक वाळली तर कापून पाहा. लाकडात हिरवट-तपकिरी रेघा दिसल्या तर तो बहुधा व्हर्टिसिलियम या जमिनीतल्या बुरशीचा मर रोग. त्यावर औषध नाही. झाड गेलं तर त्या जागी पुन्हा मेपल नको.

प्रश्न : शरदातल्या रंगासाठी कोणती जात घ्यावी?

उत्तर : ‘ओसाकाझुकी’. उन्हाळाभर हिरवी, मग एकदम किरमिजी. ‘ब्लडगुड’ मुळातच गर्द लाल असल्याने तिच्यातला बदल तितका जाणवत नाही. झाड कलमी असेल तर जोडाखालचे कोंब दिसताच काढा, नाहीतर खुंटच, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते मूळ झाडच, वरचढ होतो.

प्रश्न : पुण्यात लावला तर?

उत्तर : नका लावू. त्याला हिवाळी विश्रांतीपुरती थंडी इथे मिळत नाही आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात पानं करपतात. लाल पानंच हवीत तर देशी बदाम लावा, पानगळीआधी तो मनासारखा रंगतो. जागा मोठी असेल तर कुसुंब. त्याची वसंतातली पालवीच लालभडक असते.