नवी बालवाडी काढण्याआधी अंगणवाडीत जाऊन बसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात तुमच्या लेआउटला (वसाहतीला) लागून मजुरांची वस्ती आहे, घराघरांत छत्तीसगढी, हिंदी, उर्दू, मराठी अशा वेगवेगळ्या भाषा आहेत, मुलं थेट पहिलीत बसतात आणि मागे पडतात. तुम्ही पाच-सहा जण मिळून बालवाडी काढायचं म्हणता. सुरुवात कुठून करावी?

माझं म्हणणं, काढू नका. यंदा तरी नकोच.

मी पूर्व नागपुरात ३१ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. निवृत्त झाल्यावर आम्ही काही जणींनी अशाच एका वस्तीत बालवाडी काढली होती. बुद्धविहाराची खोली मिळाली, वर्गणीतून सतरंज्या, तक्ते, ठोकळे आणले. अंगणवाडी तिथून दीडशे पावलांवर. आमच्याकडे खेळणी नवी म्हणून तिची पोरं सकाळी आमच्याकडे यायची, आणि खिचडीची वेळ झाली की आमची पोरं तिच्याकडे धावायची. दोन्हीकडे कोणी धड बसेना. मे महिन्यात आमच्यातल्या दोघी लेकीकडे पुण्याला गेल्या आणि खोलीला कुलूप लागलं. सेविकाबाई मला सरळच म्हणाली, "मॅडम, तुमी आज हाय, उद्या चालले जासान. पोट्टे मंग माह्याच गळ्यात." राग आला होता. पण तिचं खरं होतं.

अंगणवाड्या ज्यातून चालतात ती एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम आहार आणि शाळापूर्व शिक्षण, त्याहून लहानांना घरी न्यायचा आहार, लसीकरण, वजन-उंची, गरोदर आणि स्तनदा माता, हे सगळं एका सेविकेच्या आणि एका मदतनिसाच्या डोक्यावर असतं. त्यात मोबाइलवर पोषण ट्रॅकर हे सरकारी अ‍ॅप भरायचं, गृहभेटी करायच्या, रजिस्टरं लिहायची. शिकवायचं तिला येतं, वेळ उरत नाही. म्हणून तिच्या शेजारी दुसरं दुकान मांडण्यापेक्षा तिला रोजचा दीड तास मोकळा करून द्या. आम्ही आता तेच करतो: आमच्यातली एक जण मंगळवारी आणि शुक्रवारी वजनाच्या नोंदी लिहायला बसते, तेवढ्या वेळात सेविकाबाई मुलांना गोष्ट सांगते. उलटं करू नका. गोष्ट तिनेच सांगावी, कारण पुढच्या वर्षीही तीच असणार आहे. आधी पर्यवेक्षिका आणि बाल विकास प्रकल्प अधिकारी यांना पत्र देऊन तोंडी नव्हे, लेखी परवानगी घ्या. आणि मुलांचे फोटो लेआउटच्या ग्रुपवर टाकू नका.

आता भाषेचं. यावर जरा जास्त लिहिते, कारण इथे माझी स्वतःची चूक आहे.

पहिलीत आलेल्या एका मुलाला मी चित्रकार्ड दाखवलं होतं, टमाटरचं. तो म्हणाला, "पताल." मला वाटलं काहीतरीच बडबडतोय. वांग्याला म्हणाला "भटा", मांजरीला "बिलई". मी वहीत लिहिलं, 'वस्तू ओळखता येत नाहीत.' त्याची आई तिसऱ्या महिन्यात शाळेत आली तेव्हा कळलं की छत्तीसगढीत टमाटरला पतालच म्हणतात. पोराने सगळी चित्रं बरोबर ओळखली होती, नापास बाई झाली होती. तोवर तो बोलायचाच बंद झाला होता, आणि वर्गात त्याचं नाव 'मुका' पडलं होतं. ते नाव पुसायला वर्ष गेलं.

गंमत म्हणजे आपल्या मराठी घरातल्या पोरांचीही तीच गत. कार्डावर 'कोथिंबीर' छापलेलं, पोरगं म्हणतं 'सांबार'. कार्डावर 'बटाटा', घरात 'आलू'. पुण्यामुंबईचा कोणी तपासनीस आला तर आपली पोरंही नापासच.

म्हणून आम्ही वस्तीत पहिलं काम केलं ते शब्दांच्या यादीचं. पन्नास रोजच्या वस्तू, आणि प्रत्येक आईला विचारायचं, तुमच्याकडे याला काय म्हणता? मोमिनपुऱ्यातून लग्न होऊन इथे आलेली उर्दू बोलणारी एक बाई, दोन छत्तीसगढी आया आणि हलबी बोलणारी एक आजी, या चौघींनी यादी पुरी केली. यादी अंगणवाडीच्या भिंतीवर लागली आणि तिची दुसरी प्रत पहिलीच्या बाईंकडे गेली. यादीत सगळ्यात वर शी-शूचे शब्द आहेत. हसू नका. पहिल्या आठवड्यात मूल वर्गात चड्डी ओली करतं ते बहुधा त्याने मागितलेलं बाईंना कळलं नाही म्हणून, आणि मग ते शाळेत यायचंच नाही म्हणतं.

शाळेची तयारी म्हणजे एबीसीडी, हे आधी स्वतःच्या डोक्यातून काढा. मग बापांच्या डोक्यातून काढायला लागा, ते जास्त जड जातं. आपल्याकडे कुठल्याही दोन खोल्यांच्या केजीला 'कॉन्व्हेंट' म्हणतात आणि मजुरीतून फी भरून पोरं तिथे घोकत बसतात. पहिलीच्या बाईला खरं हवं असतं ते वेगळंच: आईला सोडून तासभर राहणं, रांगेत उभं राहणं, पूर्ण गोष्ट ऐकणं, लहान-मोठं लावणं, चप्पल आपली आपण घालणं, आपलं नाव मोठ्याने सांगणं. याला महाग साहित्य लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं ते आसपासच्या काड्या, पानं, शिंपल्यांवरच. आणि पोरं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला.

आमच्याकडे कुटुंबं जवळ आली ती तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाला. पालकसभेला सात आया यायच्या, पण लाकडी बैल घेऊन अंगणवाडीत जमायचं म्हटलं तर गल्ली भरली. छत्तीसगढी आया म्हणाल्या, आमच्याकडे पोळ्याला 'पोरा' म्हणतात, त्यात पोरांना मातीचे बैल असतात, पोरींना मातीची भांडीकुंडी. पुढच्या वर्षी त्यांनीच मातीचे बैल करून आणले. सुतारकाम करणाऱ्या एका बापाने चाकं बसवली. पोरं रांगेत बैल लावून मोजत होती, मोठा, त्याहून मोठा. पण लगेच तीजा (आपली हरतालिका) येतो आणि या बाया माहेरी जातात, तेव्हा त्या आठवड्यात दुसरं काही ठरवू नका.

तसंच जून-जुलैचं. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते आणि नेमकी तेव्हाच ही कुटुंबं भाताच्या रोवणीला गावी गेलेली असतात. परत येतात ऑगस्टमध्ये, आणि कोणीतरी सांगतं की आता प्रवेश बंद. तसं नसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १५ प्रमाणे उशिरा आलेल्या मुलालाही प्रवेश द्यावा लागतो, आणि कलम १४ प्रमाणे जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. तुमच्यातल्या एखाद्या सडेतोड माणसाला एवढंच काम द्या: कायद्याची प्रत घेऊन आईबरोबर मुख्याध्यापकांकडे जायचं. भांडायचं नाही, नुसतं सोबत जायचं.

दुसरा एखादा कागदपत्रांत तरबेज असेल तर त्याला याच कायद्याने खाजगी शाळांत राखलेल्या २५ टक्के जागांच्या अर्जांना बसवा. अर्ज ऑनलाइन, सोडत निघते. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा दाखला लागतो. अनुसूचित जाती-जमातीला उत्पन्नाची अट नाही, पण जातीचा दाखला लागतो. भाड्याने राहणाऱ्यांची गाडी पत्त्याच्या पुराव्यावर अडते. हे दाखले आयत्या वेळी निघत नाहीत, दिवाळीनंतर लगेच कामाला लागा. शिकवणाऱ्या चार जणांपेक्षा असा एक माणूस वस्तीला जास्त उपयोगी पडतो, असं मी शिक्षिका असून म्हणते.

राहिली शाळा. राज्यात 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, एक एप्रिलच्या सुमारास आणि दुसरा शाळा उघडताना. मधल्या उन्हाळ्यात मातागटांनी घरी खेळ घ्यायचे असतात. मेळावा बहुतेक ठिकाणी होतो, मधलं मात्र ४५ अंशांच्या उन्हात विरून जातं. तुमचा गट तिथे कामाचा. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, आठवड्यातून एकदा पाच आयांना गोळा करा. पहिलीच्या बाईंना एखाद्या दिवशी तिथे बोलवा, म्हणजे मुलाला शाळेत एक तरी ओळखीचा चेहरा दिसेल.

सोमवारी अंगणवाडीत जा. पिशवीभर खेळणी नेऊ नका. फार तर सांबाराची एक जुडी न्या, पोरांपुढे ठेवा आणि कोण तिला काय म्हणतं ते लिहून घ्या.