पोरगी काय शिकती म्हणून सांगू?

निकालाचे दिवस आले की लातूरच्या माझ्या करिअर समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न फिरून फिरून येतो: "मॅडम, यात पुढं काय आहे?" नीट किंवा एमपीएससीबद्दल असं कुणी विचारत नाही. मुलाच्या तोंडी पर्यावरण, अर्थशास्त्र, धोरण असले शब्द आले की आईबाप हमखास विचारतात. त्यातल्या एका घराची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख बदलून सांगते.

प्राजक्ता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय अर्थशास्त्र. गाव मांजरा नदीकाठचं. पाच एकर रान, त्यात दोन एकर ऊस. तिला इकॉलॉजिकल इकॉनॉमिक्स, म्हणजे निसर्गाची मर्यादा धरून मांडलेलं अर्थशास्त्र, शिकायचं होतं; वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, म्हणणं होतं की बी.एड. कर, नाहीतर स्पर्धा परीक्षेला बस. पहिल्या दोन भेटींत ती "शाश्वत विकास", "हवामान बदल" म्हणायची आणि अण्णा खिडकीबाहेर बघत राहायचे.

"अण्णा, नेमकी धास्ती कशाची वाटते?" मी विचारलं.

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "पारावर कुणी विचारलं, पोरगी काय शिकती, तर काय सांगू? डॉक्टर म्हणलं की कळतं. तलाठी म्हणलं की कळतं. ह्याचं तर नाव बी मला धड घेता येत नाही."

पालकांना पगाराची काळजी असते असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. अण्णांची अडचण त्याच्याही आधीची होती. जे चार माणसांत सांगता येत नाही, त्यावर पोरीचं आयुष्य लावायचं कसं?

अभिरुची चाचण्या मीही घेते, पण माझी भिस्त घरातल्या गोष्टीवर जास्त. ओढीचं मूळ बहुतेकदा तिथेच सापडतं. म्हणून पुढच्या भेटीला मी शेतीच्या हिशोबाची वही मागवली.

लाल कापडी पुठ्ठ्याची वही, कडा तेलकट झालेल्या. बेणं, खत, तोडणीच्या टोळीला दिलेली खुशाली, कारखान्याचं बिल, सगळं सुवाच्य अक्षरात. आणि वही उलटी करून शेवटच्या पानावर नुसते आकडे: २००४, २१० फूट. २०१२, ४५० फूट. २०१५, ७०० फूट, फुफाटा.

"हे बोअर उसाच्या खर्चात कुठं धरलेत?"

"ते कामून धरायचं? ते नशिबाचं."

तेव्हा प्राजक्ता पहिल्यांदा पुस्तकी शब्द सोडून बोलली. "अण्णा, माझा विषय हाच हाय. मागच्या पानावरचं पुढच्या पानावर आणायचं."

अण्णांनी वही ओढून घेतली. पुढचं पान, मागचं पान, परत पुढचं. "म्हणजे बोअरचा पैसा धरला, तर त्या सालचा ऊस..." वाक्य तिथंच राहिलं. मग हळूच म्हणाले, "शेजाऱ्यानं माझं पाणी ओढलं, मी त्याचं. ते कुठल्या पानावर लिहायचं?"

"तिथं धोरण लागतं," ती म्हणाली. २००९च्या राज्याच्या भूजल कायद्याने ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली गेलेल्या विहिरीला 'खोल विहीर' म्हणून वेगळं काढलंय, हे तिने सांगितलं.

"मग आमच्या सातशे फुटाला कुणीच कसं अडवलं नाही?"

"तेच शोधायचं काम असतं, अण्णा."

पुढचा अर्धा तास मी जवळजवळ बोललेच नाही. बापलेक २०१६च्या उन्हाळ्यावर आले होते, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या. एक किलो साखरेमागे सुमारे २,००० लिटर पाणी जातं, हा कृषी मूल्य आयोगाच्या अहवालातला अंदाज तिने सांगितला आणि अण्णांनी खरोखर बोटं मोजायला घेतली. मला आजही त्या अर्ध्या तासाचं समाधान वाटतं.

आता अशा घरांना मी जे सांगते ते. पर्यावरणाला अर्थव्यवस्थेचा एक कप्पा मानणारा अभ्यास वेगळा. अर्थव्यवस्थाच निसर्गाच्या पोटात आहे आणि त्याला मर्यादा आहे, असं मानणारा हा, प्राजक्ताचा. दोन्हीकडे गणित आणि संख्याशास्त्र चुकत नाही, ते आत्तापासून पक्कं करा. चेन्नईचं मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दिल्लीचं टेरी स्कूल ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीज, पुण्याची गोखले संस्था बघा. आपल्या तुळजापुरातही टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, हे कितीतरी जणांना ठाऊक नसतं. भारतीय आर्थिक सेवेचा विचार असेल तर पदवीचं नाव तपासून प्रवेश घ्या; तिथे अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र किंवा अर्थमितीची पदव्युत्तर पदवी मागतात. पाणलोटाच्या संस्था, संशोधन संस्था, हवामान बदलाला टिकणाऱ्या शेतीसाठीच्या पोकरासारखे सरकारी प्रकल्प इथे कामं निघतात. २०२२-२३पासून सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, शेअर बाजारात नोंदलेल्या आघाडीच्या १,००० कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला, तिथेही माणसं लागतात. सुरुवातीची बरीच कामं कंत्राटी असतात, हे मी लपवत नाही. दोन-तीन वर्षांची तयारी घराने ठेवावी.

प्राजक्ताने प्रवेश परीक्षा दिली, आता पहिल्या सत्रात आहे. दिवाळीनंतर अण्णांचा फोन आला.

"मॅडम, पारावर विचारलंच एकानं. म्हणलं, पोरगी पाण्याचा हिशोब शिकती. तर तो म्हणतो, सुट्टीला आली की सांग, माझी बी वही घेऊन येतो."