निसान ३७०झेडची थ्रॉटल बॉडी घरीच काढून साफ करता येईल का?

येईल. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा फ्लॅपने कमी-जास्त करणारा भाग. ती साफ करणं अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि अवजारंही फार लागत नाहीत. पण या गाडीत खरं काम साफसफाई संपल्यावर सुरू होतं. ते करायची तयारी नसेल तर थ्रॉटलला हातच लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी मेकॅनिक नाही. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मशीनशॉपमध्ये काम करतो, गाड्या हा नाद. मित्राच्या ३७०झेडच्या दोन्ही थ्रॉटल बॉडी आम्ही त्याच्या घरच्या पोर्चमध्ये काढून साफ केल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो.

तुम्ही लिहिलंय की सिग्नलला उभी असताना आरपीएम वरखाली होतो, एसी लावला की गाडी दचकते, आणि एका गॅरेजवाल्याने ‘सोलापूरची धूळ बसलीय’ म्हणून सांगितलं. मालक, आपल्या धुळीच्या माथी बरंच काही मारता येतं, पण हे नाही. धूळ एअर फिल्टरला अडते. थ्रॉटलमध्ये बसतो तो काळा चिकटा इंजिनाच्या स्वतःच्या पोटातला असतो. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली ऑइलकडे झिरपतो. तो तेलाची वाफ घेऊन पीसीव्ही व्हॉल्व्हमधून पुन्हा इनटेकमध्ये येतो आणि गरम इंजिन बंद केलं की ती वाफ फ्लॅपच्या कडेला बसते. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यावर जमतो तसाच थर. जुळे सोलापूर ते सात रस्ता एवढीच ये-जा, तीही गर्दीत, अशा गाडीत तो लवकर जमतो.

आता आयडलिंगचं गणित बघा. गाडी उभी असते तेव्हा फ्लॅप जवळजवळ बंद असतो आणि इंजिन कडेच्या बारीकशा फटीतून श्वास घेतं. त्या फटीत थर बसला की हवा कमी पडते. मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, काय करतो, तर फ्लॅप किंचित जास्त उघडतो आणि ही नवी जागा लक्षात ठेवतो. महिनोन्‌महिने असं चालतं. तुम्ही एक दिवस सगळं लखलखीत करता, पण ईसीयूला ते कुठं ठाऊक? तो जुन्याच मापाने फ्लॅप उघडतो, हवा भसाभसा आत जाते आणि ६५०च्या आसपास असायला हवा तो आरपीएम दीड-दोन हजारावर जाऊन बसतो. निसानच्या गाड्यांत हे हमखास होतं. ‘साफ केली आणि बिघडली’ अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा यामुळेच.

खोलण्याआधी एक साधा ओबीडी स्कॅनर लावून ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचा. मिसफायरचे कोड असतील तर आधी प्लग आणि कॉइल बघा. आयडल जास्त असल्याचा पी०५०७ दिसला तर बहुधा कुठंतरी बाहेरची हवा आत शिरतेय, पाइप आणि क्लँप तपासा. बॅटरी मरतुकडी असली तरी एसी लावल्यावर दचका बसतो. शिवाय या ३.७ लिटर व्ही६मध्ये व्हीव्हीईएल आहे, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह किती उचलायचा हेही इंजिनच ठरवतं. त्यामुळे खराब आयडलिंगचा सगळा दोष थ्रॉटलवर टाकता येत नाही. हे सगळं ठीक असेल तर दोन्ही बाजूंचे रबरी इनटेक पाइप सोडवा आणि टॉर्चने आत बघा. फ्लॅपच्या कडेला काळं कडं दिसलं तर पुढे जा. नुसता तपकिरी डाग असेल तर पाइप परत बसवा आणि दुसरीकडे शोधा.

या गाडीत सगळं जोडीने आहे, दोन फिल्टर, दोन एअरफ्लो सेन्सर, दोन थ्रॉटल बॉडी. एकच साफ करून थांबू नका, दोन्ही बाजूंची हवा सारखी राहायला हवी. काढताना डावी-उजवी अशी मार्करने खूण करा. गॅस्केट मात्र गाडी खोलायच्या आधी हातात असू द्या. ही गाडी इथं २०१० साली आली, विकली गेली ती मोजकी आणि आता बंद झाली आहे. आपल्याकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तिची गॅस्केट काउंटरवर मिळेल या आशेवर राहू नका.

काम सकाळी लवकर, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर करा. थ्रॉटल बॉडीतून कूलंटचे बारीक पाइप जातात. गरम असताना ते ओढले तर उकळतं पाणी हातावर येतं, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी बॉनेटखाली काय अवस्था असते ते सांगायला नको. दारांच्या काचा थोड्या खाली घ्या, कारण बिनचौकटीच्या या काचा दार उघडताना करंटवरच खाली सरकतात. मग इग्निशन बंद, रिमोट घरात आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी. हा आळस करू नका. फ्लॅप मोटरवर चालतो, आत बोट असताना मोटरला करंट मिळाला तर बोट सापडेल.

पुढचं सोपं आहे. कपलरची क्लिप दाबून काढा, वायर ओढू नका. कूलंटचे पाइप चिमट्याने दाबून सोडवा, थोडं सांडेल ते कापडावर घ्या. चार बोल्ट काढले की बॉडी हातात येते. मॅनिफोल्डच्या भोकात लगेच स्वच्छ कापड कोंबा, एखादा बोल्ट आत पडला तर अख्खा दिवस गेला म्हणून समजा.

करंट नसताना फ्लॅप किंचित उघडा दिसेल. तो बिघाड नाही, स्प्रिंगने ठेवलेली ती त्याची जागा आहे. त्याला बोटाने ढकलत बसू नका. आत गिअर आहेत आणि फ्लॅपची जागा मोजणारा सेन्सर आहे. मागची बाजू पुसायला उघडावाच लागला तर अगदी हलक्या हाताने, आणि सोडताना फट्‌कन आपटू न देता. बॉडी अशी धरा की मोटरची बाजू वर राहील, म्हणजे द्रव शाफ्टमधून मोटरकडे उतरणार नाही. थ्रॉटल बॉडी क्लीनरचा स्प्रे कापडावर मारा आणि कडा पुसा. थर जाड असेल तर मऊ टूथब्रश चालतो. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, भांड्याची घासणी यातलं काही नको. काही बॉडींना आतून कोटिंग असतं, ते गेलं की गेलं. पेट्रोल-रॉकेलही नको, आणि बादलीत बुडवणं तर नकोच. कापडाबद्दल एक सांगतो, आपल्या गावच्या टॉवेलचा कितीही अभिमान असला तरी इथं तो वापरू नका, त्याचे धागे सुटतात. जुनी, धुऊन विरलेली बनियन उत्तम. एअरफ्लो सेन्सरवर हा स्प्रे चुकूनही मारायचा नाही, त्याचा क्लीनर वेगळा येतो.

बसवताना नवी गॅस्केट घाला आणि बोल्ट तिरके-तिरके, थोडे थोडे आवळा. ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की प्रकरण माझ्यासारख्याच्या मशीनशॉपपर्यंत येतं. सांडलेलं कूलंट भरा आणि इंजिन चालू करून गळती बघा. आरपीएम चढलेला असेल, घाबरू नका.

आता ईसीयूची शिकवणी, म्हणजे फ्लॅपची नवी जागा त्याला शिकवणं. आधी हैदराबाद रोडला दहाएक मिनिटं गाडी फिरवून आणा. कूलंट ७० ते १०० डिग्रीत हवं आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर १२.९ व्होल्टच्या वर दिसायला हवेत. एसी, दिवे, मागच्या काचेचा हीटर बंद. चाकं सरळ, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मग इंजिन बंद करा. क्लच-ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबलं की इग्निशन ऑन होतं, इंजिन चालू होत नाही. ॲक्सिलरेटरचं पेडल मोकळं ठेवून दोन सेकंद ऑन, दहा सेकंद ऑफ, आणि हेच पुन्हा एकदा. ऑफ केल्यावर थ्रॉटलच्या मोटरचा बारीक आवाज येतो, तो ऐका. मग ऑन करून तीन सेकंद थांबा. लगेच पाच सेकंदांच्या आत पेडल पाच वेळा पूर्ण दाबून सोडा. सात सेकंद थांबा. आता पेडल पूर्ण दाबून धरा. चेक इंजिनचा दिवा आधी लुकलुकेल आणि साधारण वीस सेकंदांनी स्थिर पेटेल. तो स्थिर झाला की तीन सेकंदांच्या आत पेडल सोडा आणि गाडी चालू करा. वीस सेकंद तशीच राहू द्या, मग दोन-तीनदा रेस देऊन बघा.

वेळा अंदाजाने धरू नका. शेजारी एकाला सेकंद मोजायला बसवा. सगळी गोम याच टप्प्यात आहे आणि पहिल्या फटक्यात तो फार थोड्यांना जमतो. जमला नाही तर इग्निशन बंद करून दहा सेकंद थांबायचं आणि पुन्हा. बराच वेळ करूनही आरपीएम खाली येत नसेल तर दोन शक्यता. एक, कुठंतरी क्लँप ढिला आहे किंवा गॅस्केट सरकली आहे, कान देऊन हवेचा सूं-सूं आवाज शोधा. दोन, सगळं घट्ट आहे पण ईसीयू ऐकत नाही. अशा वेळी निसानसाठी आयडल लर्निंगची सोय असलेला स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याला गाठा. इथं सापडला नाही तर पुणं, म्हणजे अडीचशे किलोमीटर. म्हणून सुरुवातीलाच असा माणूस कोण आहे ते विचारून ठेवा.

किती दिवसांनी करायचं, असंही विचारलंय. त्याला वेळापत्रक नको, लक्षण दिसलं आणि काळं कडं दिसलं तरच. लवकरच परत थर जमला तर पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. खर्च म्हणाल तर क्लीनरचा एक डबा, दोन गॅस्केट आणि थोडं कूलंट, त्यात महाग पडतं ते गॅस्केटचं कुरिअर.