अपात्र शेऱ्यानंतर काय करायचं: माझा अनुभव

दादा, दाजींनी आत्महत्या केली, शेतकरी आत्महत्येच्या सरकारी मदतीचं प्रकरण तहसीलमधून ‘घरगुती वाद, व्यसन’ असं कारण देऊन अपात्र केलं आणि ताई आता कुणाशी बोलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. २०१७ साली आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, जीव दिला तेव्हा त्यांच्या कागदावर असाच शेरा होता. मर्ग म्हणजे पोलिसांची अकस्मात मृत्यूची नोंद, पीएम म्हणजे शवविच्छेदनाचा रिपोर्ट वगैरे तुम्ही गोळा केलंच असेल, ते सोडते.

आम्हाला सगळ्यात जास्त नडली ती घरी झालेली चौकशी. साहेब ओसरीवर बसले, सासऱ्यांना आणि दिरांना विचारून गेले. मी आतच होते, मला कुणी हाक मारली नाही. त्या साली बोंडअळीने कापूस खाल्ला, गावच्या सोसायटीचं पीककर्ज थकलेलं म्हणून नवीन कर्ज नाही, मग गावातल्या एकाकडून महिना पाच टक्क्यांनी पैसे उचलले. त्याचा माणूस दारात येऊन बसायचा. यातलं एक अक्षर कागदावर नाही. “दारू घ्यायचा का?” “कधीमधी.” तेवढंच उतरलं. दारू होती, भांडणंही होती, मी नाकारत नाही. पण ती कशातून आली, हे कुणी विचारायचं?

२३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाख मिळतात, ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. त्यासाठी कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. मला याचाच राग येतो. ज्याला बँक दारात उभं करत नाही तोच बिनपरवान्याच्या सावकाराकडे जातो, आणि मदतीतून तोच गळतो. ठोक्याने, म्हणजे दुसऱ्याची जमीन भाड्याने घेऊन, शेती करणारा, मजूर, सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई, यांचं तर बोलूच नका. मन कमकुवत होतं असं लिहिलं की पीकविमा, भाव, कर्ज यांचा जाब कुणाला द्यावा लागत नाही. समुपदेशन नको असं माझं म्हणणं नाही, मला स्वतःला त्याने आधार दिला. पण दारातला तगादा समुपदेशनाने थांबत नाही.

तुम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरचौकशीचा अर्ज द्या. ताईचा जबाब तिच्याच तोंडून, वेगळा नोंदवा म्हणावं. सोबत सोसायटीचा थकबाकीचा दाखला जोडा आणि अर्जाची पोच घ्या. आमचं प्रकरण असंच पात्र झालं. मी वकील नाही, तुमच्याकडेही तसंच होईल असं सांगू शकत नाही.

सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार होते. वारस फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं लावणं, लगेच करून घ्या. हिंदू वारसा कायद्यात बायको पहिल्या वर्गातली वारस आहे. दुःखात असताना सासरचे हक्कसोडपत्र पुढे करतात, तिला सही करू देऊ नका.

आणि हे सगळ्यात आधी करा. ताईला सरळ विचारा, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का. विचारल्याने तसं डोक्यात येत नाही, उलट बाई बोलती होते. हो म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. फवारणीचं औषध घरात असेल तर आजच दुसऱ्याकडे कुलपात ठेवायला द्या.