काळी एक म्हणजे डी फ्लॅट

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. बारावी झाली, दोन वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोयस, ऑस्ट्रेलियात कंटेम्पररी म्युझिकची पदवी करायची आहे, वडील शेत तारण ठेवायला तयार आहेत, आणि तीन वर्षांनी त्यावर पोट भरेल का हे तुला हवंय. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. बारा वर्षांपूर्वी हेच शिकायला आलो, आता ब्रिस्बेनला राहतो आणि संगीतावरच जगतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शेताचं. बऱ्याच बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून घेतच नाहीत, फ्लॅट किंवा एनए प्लॉट मागतात. मग माणूस सावकाराकडे किंवा जमीन विकण्याकडे वळतो. तिथं जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. विद्यापीठाची फी वर्षाला तीस हजार डॉलरच्या पुढे धर, म्हणजे तीन वर्षांची नुसती फीच पन्नास लाखांवर गेली. व्हिसाच्या वेळी एका वर्षाच्या राहण्या-खाण्याचे २९,७१० डॉलर दाखवावे लागतात, ते सतरा लाखांच्या आसपास होतात. व्हिसाचा अर्जच जुलै २०२५ पासून २,००० डॉलरचा झालाय आणि नाकारला तर ते पैसे परत मिळत नाहीत. वर विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा, तो सक्तीचा. कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. गाण्याचे कार्यक्रम करून मिळवलेले पैसेसुद्धा त्याच तासांत मोजतात, हे कुणी आधी सांगत नाही. त्या कामात भाडं आणि जेवण निघतं. फी निघत नाही.

आणि पीआरचं, म्हणजे इथं कायम राहण्याच्या परवान्याचं, स्पष्टच सांगतो. पदवीनंतर साधारण दोन वर्षं इथं राहून काम करता येतं. त्यापुढे संगीताच्या पदवीवर सरळ रस्ता आहे असं समजून येऊ नकोस. माझी पीआर बायकोच्या नर्सिंगवर झाली.

आता शिक्षणाचं, कारण तुझा खरा प्रश्न तिथं आहे. तू लिहिलंयस, "तिथं प्रोफेशनल ट्रेनिंग मिळतं ना?" मिळतं. पण ते आपल्या डोक्यात असतं तसलं नसतं.

माझा पहिला आठवडा सांगतो. गाणी लिहिण्याचा वर्ग. बारा-तेरा पोरं गोल बसलेली, मधे एक जुना पियानो. ओळख म्हणून प्रत्येकानं काहीतरी ऐकवायचं. मी लहानपणापासून गाणं शिकलेलो, देवल क्लबच्या कार्यक्रमांत पुढच्या सतरंजीवर बसून मोठा झालेलो. मी एक भजन गायलो, तानांसकट. सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "फार सुंदर. आता तुझं एखादं ऐकव." मला वाटलं, दुसरं गाणं मागतायत. मी दुसरं सुरू केलं. त्यांनी हात वर केला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुझं. तू केलेलं." माझ्याकडं एकही नव्हतं. माझ्या शेजारी एकोणीस वर्षांची मुलगी होती, तिला सूर नीट लागत नव्हता, गिटारवर तीनच कॉर्ड येत होत्या. तिची स्वतःची चाळीस गाणी होती. त्या वर्गात ती माझ्या पुढे होती आणि ते योग्यच होतं.

आपल्याकडं गुरूनं दिलेली जागा हुबेहूब घेता आली की शाबासकी मिळते. ऑर्केस्ट्रातही तसंच, ओरिजिनल रेकॉर्डसारखं वाजलं की पब्लिक खूश. ती विद्या खोटी नाही. त्यामुळे कान तयार होतो. पण या पदवीचा सगळा डोलारा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या गाण्यांवर उभा असतो. दर आठवड्याला काहीतरी करून न्यायचं, सगळ्यांसमोर स्पीकरवर लावायचं आणि दुसरा अंतरा ढिला पडतोय हे गप्प बसून ऐकून घ्यायचं. मग तेच गाणं बँडबरोबर बसवायचं, रेकॉर्ड करायचं, मिक्स करायचं, आणि ते असं का केलं यावर दीड-दोन हजार शब्द इंग्रजीत लिहायचे. लिखाण फार असतं, बरं का. प्रवेशालाही बहुतेक ठिकाणी स्वतःच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग आणि मुलाखत मागतात.

दुसरी गोष्ट बँडच्या पहिल्या तालमीतली. गिटारवाल्यानं विचारलं, "कुठल्या की मध्ये (म्हणजे पट्टीत)?" मी म्हणालो, काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी). तो नुसता बघत राहिला. मग मी सी शार्प म्हटलं, तर सॅक्सोफोनवाला वैतागला. काळी एकला सी शार्प मेजर म्हटलं की कागदावर सात शार्प (सूर अर्धा चढवायच्या खुणा) येतात, डी फ्लॅट म्हटलं की पाच फ्लॅट (अर्धा उतरवायच्या). आल्टो सॅक्सला तोच सूर बी फ्लॅट मेजर म्हणून वाचायचा असतो, म्हणजे दोनच फ्लॅट, त्याला सोपं. गिटारवाल्यानं पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला आणि सी मेजरचे आकार धरले, की त्याचंही काम झालं. सूर एकच, पण प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगता आला तरच तालीम पुढं सरकते. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर सूर लिहायची पद्धत) आणि कॉर्ड चार्ट तू कोल्हापुरातच शिकून घे. त्यासाठी पन्नास लाख लागत नाहीत.

सरगम येत असेल तर एक जमेची बाजू आहे. आपल्याला सा कुठंही ठेवला तरी गाणं तेच राहतं, त्यामुळे ऐकलेली चाल लगेच स्वरांत सांगता येते. वर्गात बाकीचे पियानोवर चाचपडायचे तोवर मी लिहून मोकळा व्हायचो. पण कॉर्ड ओळखताना मी पार मागे पडायचो, कारण माझा कान कायम चालीवर, खाली बास काय करतोय तिकडं कधी लक्षच दिलं नव्हतं. आजपासून रोज एका गाण्याचा नुसता बास गाऊन बघ. आणि क्लिक (एकसारख्या लयीत टिकटिकणारा मेट्रोनोम) लावून वाजव. तबल्याबरोबर लय हळूहळू चढते, त्याची आपल्याला सवय आणि त्यात मजाही असते. स्टुडिओत क्लिक चढत नाही. माझं पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत मी क्लिकच्या पुढं पळालेलो.

काम मिळतं का? नोकरी म्हणशील तर नाही. इथं विद्यापीठात पहिल्याच वर्षी सांगतात की संगीतकाराचं उत्पन्न चार-पाच ठिकाणांहून येतं. आपल्या कोल्हापूरला हे नवं नाही. गोविंदराव टेंबे बघ. हार्मोनियमची साथ केली, १९११ च्या 'मानापमान'ला चाली दिल्या, आणि १९३२ ला प्रभातनं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' काढला तेव्हा त्यात हरिश्चंद्राचं काम केलं आणि संगीतही दिलं. माझा आठवडा असा जातो: तीन दिवस मुलांना कीबोर्ड आणि गाणं शिकवतो (त्यासाठी क्वीन्सलँडमध्ये ब्लू कार्ड, म्हणजे मुलांसोबत काम करायचा सरकारी परवाना, काढावं लागतं), एक दिवस दुसऱ्यांची गाणी मिक्स करतो, शनिवारी लग्नं, महिन्यातून दोनदा वृद्धाश्रमात कार्यक्रम. उरलेल्या वेळात माझी स्वतःची गाणी. ती कुठंही गायलो की त्याची यादी एप्रा या संस्थेला कळवतो, तिथून गीतकार-संगीतकार म्हणून मानधन येतं. रक्कम मोठी नसते, पण गाणं माझं आहे म्हणून येते.

हे तुलाही तिथं बसून सुरू करता येईल. भारतात हेच काम आयपीआरएस करते, १९६९ पासून. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कायमचा लिहून देता येत नाही. तुमच्याकडं गणपतीची, जोतिबाची गाणी पाच-दहा हजारांत करून देणारी पोरं आहेत, त्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? मला पदवीच्या दुसऱ्या वर्षात कळलं. त्याआधी चार गाणी मी पावती न घेता देऊन बसलो होतो.

तर माझं मत: या वर्षी येऊ नकोस. बी.कॉम. कर, ऑर्केस्ट्रा सोडू नकोस, आणि दोन वर्षांत स्वतःची वीस गाणी कर. मराठीत कर. वाईट झाली तरी पूर्ण कर, अर्धवट सोडलेल्या गाण्यातून काही शिकायला मिळत नाही. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग शीक, आपल्याच हलगीवाल्याला एक दिवस घरी बोलावून एका माइकवर पकडून बघ. त्या एका दिवसात माइक कुठं ठेवायचा हे जेवढं कळेल तेवढं पुस्तकात नाही. वीस गाण्यांनंतरही यायचंच वाटलं, तर शिष्यवृत्तीसाठी आणि प्रवेशासाठी तुझ्या हातात काहीतरी असेल. मग आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी कर, विद्यापीठं बहुधा ६.५ मागतात.

एजंटकडं जाशील तेव्हा एवढं लक्षात ठेव: त्याला कमिशन कॉलेज देतं. मला एका एजंटनं पदवीऐवजी आधी एका खासगी कॉलेजचा डिप्लोमा घ्यायला लावला, त्यात माझं एक वर्ष आणि घरचे बारा लाख गेले. कोर्स क्रिकॉसच्या सरकारी यादीत आहे का ते स्वतः तपास आणि प्रवेशाबद्दल थेट विद्यापीठाला मेल कर. ते उत्तर देतात.

तुझी तीन गाणी झाली की मला पाठव, कच्ची चालतील, मोबाइलवरची चालतील. खोटं कौतुक करणार नाही. आणि वडिलांशी मी बोलतो. रविवारी संध्याकाळी साडेसहाला, धारा काढून झाल्या की फोन लावा. माझ्याकडं तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात, मी जागाच असतो.